मालकाची मोटार मी बैलावानी पारखली

आमच्या मालकाची मोटार सध्या गोठ्यात उभी आहे. लढाई चालू आहे, पेट्रोल चिठ्ठीवर भेटते. चिठ्ठीवर जेवढं भेटते तेवढ्यात मोटार गोठ्यातून आंगनात येते, भोंगा वाजवते अन् वापस जाते. बाकीचा दिवस मी तिच्या टपावरच्या कोंबड्या हाकलत राहतो. डायवर म्हनून माहं सध्याचं काम एवढंच आहे.

म्हनून शाळेचे मास्तर आले तवा मी रिकामाच सापडलो. म्हनले, "फागूभाऊ, दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या कामाचा अनुभव पाहिजे."

मी म्हनलो, "मास्तर, मले लिवता येत नाही."

"तुमी सांगा, मी लिवतो."

"मंग अनुभव तुमच्या नावावर जाईल."

"नाही गा. चुका तुमच्या, अक्षर माहं."

हे मले पटलं. चुकाच सांगाच्या तं माल भरपूर आहे. त्यातली एक सांगतो, मोटार घेतली त्या वर्साची.

मोटारीच्या आधी मी मालकाची रेंगी हाकत होतो. रेंगी म्हनजे दोन चाकायची हलकी गाडी, वर बांबूचा टप, आत धानाच्या वाळल्या तनशीची गादी. घरच्या बाया, पाहुने, लगनाचे नवरदेव, सारे तिच्यातच बसून जात. धानाचे पोते अन् शेनखत वाहाले दुसरी गाडी राहते, तिले खासर म्हनतेत. आमच्याकडं मानसाची बढती खासरावरून रेंगीवर होते. माही झाली होती, अन् मी ते कोनाले विसरू देत नव्हतो.

बैल पारखाले मालक मलेच बाजारात नेत. मी दात पाहून वय सांगो. बहुतेक वेळा चुको, पन आवाज मोठा होता. एकदा मी असा बैल पसंत केला का तो फक्त गोंदियाच्या दिशेनंच चाले. दुसरीकडं तोंड केलं का बसे. शेवटी तो गोंदियाच्याच एका मानसाले विकला. पोचवाले जा लागलं नाही, तो एकटाच गेला. एवढं होऊनही मालकाचा माह्यावरचा भरोसा गेला नाही. मानूस मोठा होता.

आता मोटार काऊन घ्या लागली ते सांगतो.

मालकाची एकच लेक, इंदूबाई. गोंदियाले देल्ली होती, सासरच्यायची तांदळाची गिरनी. पह्यल्या खेपेले पाचव्या महिन्यात रेंगीतून माहेरी येता येता पोटात दुखलं अन् पोर गेलं. डाक्टरीनबाई म्हनली, रस्त्यानं गेलं. सासू म्हनली, माहेरच्यायनं गेलं. कोनी म्हने नशिबानं गेलं. कायनंही गेलं असन, पन इंदूबाई गोंदियाले वापस गेली ते दोन वर्सं आलीच नाही. दुसऱ्यानं दिवस गेले तवा सासूनं निरोप धाडला का पह्यलं बाळंतपन माहेरी होते हे आमालेही मालूम आहे, पन रेंगीत आमी पोरीले पाय ठेवू देनार नाही.

रेल्वे होती न. पन टेसनापासून आमच्या गावापर्यंत पुन्हा रेंगीच. अन् सारा वाईट रस्ता तोच. सडक अर्जुनीच्या पुढं मोठी सडक सोडली का धानाच्या बांध्यायमधून गेलेली चाकोरी, मधात नाला, मंग तलावाची पाळ. उन्हाळ्यात ते चाकोरी वाळून दगड होते.

मालकीनबाईनं दोन वर्सं लेकीचं तोंड पाहलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते रेंगीच्या बैलायले स्वतः पानी दाखवाले येई, अन् बैलायकडं अशी पाहे का बैल पानी पेत नसत.

एक दिवस मालकानं मले ओसरीवर बलावलं. मालक म्हनजे आमच्या गावचे मालगुजार. अंगानं भरलेले, आवाजानं बारीक.

"फागू, मोटार घ्याची आहे."

"घ्या न जी."

"तू चाल गोंदियाले. तूच पारख."

"मालक, मी मोटारीत कधी बसलो नाही."

"बैल पारखाले बैलात बसा लागते का?"

मी शेला झटकून निंगालो. मालक पुढं म्हनले, "अन् आयक. जी मोटार तू पसंत करशील, ती तूच हाकशील. खराब निंगाली तं तुले खासरावर बसवीन."

मी बाहेर आलो तं दाराच्या आड मालकीनबाई उभी. म्हनली, "फागू, मोटार दिसाले कशी आहे ते मले नोको सांगू. माही पोरगी तिच्यात बसून सुखरूप येईल का, तेवढं पाय."

मी म्हनलो, "पाहतो बाई." मोठ्या आवाजात म्हनलो.

गोंदियाले टेसनाच्या बाजूनं एका सेठाची मोटारीची दुकान होती. कंपन्यायची नावं मी सांगत नाही. एक तं मले वाचता येत नव्हती, अन् वाचली असती तं त्यायचा का दोष? तीन मोटारी उभ्या होत्या. एजंट आला, पांढरा कोट, डोक्याले तेल. "आइए मालगुजार साहब, बैठिए."

मी बोललो नाही. बैल घेताना पह्यले बोलाचं नाही, भोवतीनं फिराचं. बोललं का भाव चढते. मी पह्यल्या मोटारीभोवती फिरलो, पुन्हा फिरलो, पुन्हा फिरलो. एजंट म्हने, "भाई, मंदिर है क्या?"

मंग दात. मोटारीले समोर जाळी होती, दात म्हनून मी तेच पाहले. सारे सारखे होते. वय कळलं नाही, म्हनून मान हालवली. मालकानंही मान हालवली.

मंग शेपटी. बैलाची शेपटी ओढली का तो कसा दचकते त्यावरून अंगातली आग कळते. मोटारीले मागं एक नळी होती. मी ते घट्ट धरली. एजंटानं आत्ताच मोटार फिरवून आनली होती, हे मले मालूम नव्हतं. नळी धुराची होती. हाताले हा एवढा फोड आला. मी हात धोतरात लपवला अन् मालकाले सांगतलं, "तेज आहे जी."

मंग विचारलं, "डावी चालते का उजवी?" जुवाले एका अंगानं चालाची सवय झालेला बैल दुसऱ्या अंगाले जुंपला का काम बिघडवते. एजंट म्हने, "दोनों तरफ." मी मालकाकडं पाहलं, मालकानं माह्याकडं. दोन्ही अंगानं चालनारं जनावर आमच्या बाजारात एखांद्या वर्सी दिसते.

पह्यली मोटार मोठी अन् चकचकीत होती. सुरू कराले तिच्या नाकात लोखंडाचा दांडा घालून फिरवा लागे. मी फिरवला. दांडा उलटा आला अन् माह्या मनगटावर बसला. एजंट म्हने, "अंगूठा बाहर रखना था." मी मालकाले म्हनलो, "लाथाड आहे. हे नोको." तेज अन् लाथाड एकाच घरात नोको, असं माह्या बापाचं म्हननं होतं.

दुसरी लहान होती. एजंट म्हने, हे बकरीवानी खाते, एका डब्यात गोंदियाहून तुमच्या गावी जाईल अन् वापस येईल. मालकाले हे आवडलं. पेट्रोल त्या वक्ती गोंदियालेच भेटे, डब्यायनं आना लागे. मालक आत बसले. पन सारे बसले नाही. दार लावाले गेलो तं मालक बाहेर येऊन राहिले. तेही गेली.

तिसरी उंच, काळी, पायानं मजबूत. चेहऱ्यानं गरीब. खाली लोखंडाच्या पट्ट्यायच्या कमानी, एकावर एक, अशा जाड का मी हात फिरवतच राहिलो. मोटारीचं वजन याच कमानी झेलतेत, हे मले उस्तादानं सांगतलं. उस्ताद म्हनजे दुकानातला डायवर. दाढी पांढरी, बोलनं कमी.

एजंट म्हने, "मजबूत गाड़ी है. जितना लादो."

आता पाहा, हे माह्या मनातलं बोलला. रिकामा बैल कोनी पाहत नाही. रिकामे सारेच बैल चांगले चालतेत. जू जड करा, मंग चाल पाहा. हे माह्या बापानं सांगतलं होतं, अन् बाप बरोबर होता, बैलापुरता.

मी गिरनीतून तांदळाचे पोते आनवले अन् मागच्या बैठकीवर रचले. पोत्यायच्या वर ताकाचं मडकं ठेवलं, काठोकाठ. समोर उस्ताद अन् मालक. मी बाहेर पायदानावर उभा राहून मडकं पाहत होतो. मुर्रीच्या रस्त्यानं गेलो, गाड्यायच्या खड्ड्यायमधून. ताक हाललं, पन सांडलं नाही. मडक्यावरून माही नजर हटली नाही, म्हनून बाभळीची फांदी दिसली नाही. मी पडलो. मोटार पुढं गेली. उस्तादानं वापस येऊन विचारलं, "लगा क्या?"

मी म्हनलो, "ताक सांडलं का?"

"नहीं."

"मंग हेच मोटार."

खुराक पाहाची राहली होती. मी एजंटाले म्हनलो, एक रात तुमच्याच दुकानात बांधून ठेवा, सकाळी पाहू. संध्याकाळी काडी टाकून पेट्रोल पाहलं, सकाळी पुन्हा काडी टाकली. काडी तेवढीच ओली. मी मालकाले सांगतलं, "उभी राहून खात नाही जी." त्यायच्या गोठ्यात एवढे बैल उभे राहून खात होते का त्यायचे डोळे भरून आले. मोटारीवर त्यायचा जीव बसला तो त्याच सकाळी.

राहला सौदा. बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलालाचा हात धराचा, वरून शेला टाकाचा अन् आतल्या आत बोटं दाबून भाव सांगाचा, म्हनजे आजूबाजूच्यायले कळत नाही. मी एजंटाचा हात धरला अन् वर शेला टाकला. दोन बोटं दाबली. तो लाल झाला. तिसरं दाबलं तसा ओरडला, "छोड़! मालगुजार साहब, आपका आदमी क्या कर रहा है?" मंग मालकानं तोंडानंच सौदा केला. महाग पडला असन.

उस्ताद आमच्या गावी येऊन राहला अन् मले शिकवलं. सुरू करनं आलं, वळवनं आलं. थांबवनं लवकर येत नव्हतं. पाय कोठी ठेवाचा ते तो सांगे, पन वेळ आली का माह्या तोंडातून "हो, हो, हो" निंगे, बैलाले म्हनतो तसं. मोटार आयकत नव्हती. एकदा अशीच तनशीच्या ढिगात शिरली, पार मागच्या चाकापर्यंत. उस्ताद ढिगातून निंगाला, दाढीतली तनस काढली अन् म्हने, "भूखी होगी."

पन मोटार चाले झकास. मालक निंगाले का कारभारी बसे, कोतवाल बसे, दोन पाहुने बसत, पायदानावर चौघं लटकत. आमच्याकडं कोनी एकटं कोठी जात नाही. रेंगीतही नाही, मोटारीत तं नाहीच. सारे म्हनत, "फागू, पाळना आनला गा तू!" मी म्हनो, "पारख लागते." माही बायको म्हने, "तुमाले बायको पारखून घेता आली असती तं मी कोठी गेली असती?" याचा अर्थ मले अजून लागला नाही.

इंदूबाईले सातवा लागला. चांगला दिवस पाहून मी मोटार घेऊन गोंदियाले गेलो. जाताना कारभारी अन् मंडळी होती, गोंदियाच्या बाजाराले निंगालेली. सासू दारातच उभी. म्हनली, "पह्यले मी बसून पाहन." ते बसली, तिच्या दोन जावा बसल्या, नंदा बसल्या. गिरनीपासून टेसनापर्यंत फिरवून आनलं. उतरून म्हनली, "न्या." एवढंच. पन इंदूबाईच्या डोक्यावरचा पदर तिनं तीन खेपा सारखा केला, ते मी पाहलं. पह्यल्या पोराचं दुःख तिलेही होतं. ते फक्त शिव्यायमधून बाहेर येई.

इंदूबाईसंगं तिची आत्यासासू अन् देर बसले, त्यायले गोरेगावले लगनाले जाचं होतं. आत्यासासू म्हनजे अंगानं दोन बाया. संगं भांड्यायची लोखंडी पेटी. गोरेगावपर्यंत मोटार अशी गेली का आत्यासासू घोरत होती. उतरताना म्हनली, "बाई वो, असं तं मले मायच्या पोटातही वाटलं नसन." पेटी उतरली, देर उतरला. कारभारी अन् मंडळी रेल्वेनं येनार होती. मोटारीत आता मी अन् मागं एकटी इंदूबाई.

गोरेगाव सुटलं अन् मोटार बदलली.

पह्यले वाटलं खड्डा होता. मंग वाटलं दोन होते. मंग कळलं का खड्डे तेच आहेत, मोटारच उडून राहिली आहे. बारीक गोटा आला तरी खालून लाथ. मी हळू केली. एक सायकलवाला पुढं गेला. अजून हळू केली. एक खासर पुढं गेलं, त्याचा गाडीवान म्हने, "ढकलू का गा?" तरी धक्के तेच. मले वाटलं मोटार रुसली. जोडीतला बैल विकला का राहलेला बैल असाच करते.

मागं वळून पाहलं. इंदूबाईनं एका हातानं टपाची दांडी धरली होती, दुसरा हात पोटावर. बोलत नव्हती. तेच मले खराब वाटलं. लहानपनी रेंगीत बसली का बैलायपेक्षा जास्त आवाज तीच करे.

मोठी सडक सोडली अन् आमची चाकोरी लागली. पह्यल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, "काका, थांबवा."

थांबवली. ते उतरली अन् मोहाच्या झाडाखाली बसली. तोंड पांढरं.

"का झालं बाई?"

"पोट कडक होऊन राहिलं काका. तवाही असंच झालं होतं."

मी पानी देल्लं. मंग का कराचं ते सुचलं नाही. गाव पुढं, गोंदिया मागं, आजूबाजूले वाळलेल्या बांध्या. घरी मालकीनबाई दारात उभी असन हे मले दिसून राहिलं. मी मोटारीच्या चाकाले टेकून बसलो अन् रडाले लागलो. आवाज मोठा आहे म्हनून सांगतलंच आहे.

"काका, नोका रडू. मले हासू येते, अन् हासलं का पोट दुखते."

मी तोंडात शेला कोंबला.

थोड्या वेळानं ते म्हनली, "आता सैल झालं." मंग मोटारीकडं पाहत राहली. "काका, गोरेगावपर्यंत चांगली होती न हे?"

"हाव. मंग बिघडली."

"बिघडली नाही. तवा गाडीत कोन होतं?"

"आत्याबाई होती."

"तेच म्हनून राहिली मी. आत्याबाई पाहिजे."

मी म्हनलो, "गोरेगावले जाऊन आनू का?"

इंदूबाईनं माह्याकडं पाहलं. माय पाहे तशीच. म्हनली, "त्याच कायले? कोनीही चालन. जड पाहिजे. गाडी दबली पाहिजे."

पोत्यायवरचं ताक तवा माह्या डोळ्यासमोर आलं. मी पोते निजवून पाहले होते, एकटं मानूस बसवून नाही. अन् त्या बांध्यायमध्ये आता पोते कोठून आनाचे? दगड टाकावे तं ते आत उडतीन अन् इंदूबाईलेच लागतीन.

तेवढ्यात बाजारातून आमच्या ढिवरटोलीच्या बाया येऊन राहिल्या होत्या. मासोळ्या विकून रिकाम्या टोपल्या डोक्यावर. समोर रुखमा. अंगानं अशी का तलावात उतरली तं पानी पाळीले लागे.

"काऊन गा फागू, मोटार मेली का?"

"नाही वो. जड पाहिजे."

"का पाहिजे?"

"जड मानसं पाहिजे. बसाले."

रुखमानं मागच्या बायायकडं पाहलं, मंग स्वतःकडं पाहलं. म्हनली, "मंग सरळ सांग न, रुखमा पाहिजे म्हनून."

पन बसाची वेळ आली तशी मागं सरली. "नाही बाप्पा. मालकाची मोटार. वास लागन. मालक मारन."

"मले मारन. तुमी बसा."

"तुले मारून का होते? तू निर्लज्ज आहेस."

इंदूबाई उठली. पाठ धरून हळू हळू मोटारीत जाऊन बसली अन् बाजूची जागा हातानं झटकली. "रुखमामाय, अठी बस. मी एकटी बसून नाही जात आता."

रुखमा बसली. मोटार तिच्या बाजूनं खाली गेली. दुसरी बसली, तिसरी बसली. एक होती वाळलेली, तिले सारे काडी म्हनत. रुखमा म्हनली, "तू चाल पायी, तुहा का उपयोग?" काडी म्हनली, "मी पाटा घेतला बाजारातून," अन् मसाला वाटाचा नवा दगडी पाटा मांडीवर घेऊन बसली. सारी मंडळी बसली तसं मी खाली वाकून पाहलं. कमानी दबल्या होत्या.

मी मोटार सुरू केली. हाकली. अन् मोटार गेली, मुर्रीच्या रस्त्यानं ताक घेऊन गेली होती तशी. नाल्यात उतरली तवा बाया ओरडल्या, पन मजेनं. मी मागं पाहलं तं रुखमानं एक हात इंदूबाईच्या पाठीमागं ठेवला होता अन् दुसरा पोटावर. म्हनली, "काही नाही वो. पोर फिरून राहिलं. त्यालेही मोटार पाहाची असन."

इंदूबाई म्हने, "टोपलीत काही उरलं का मामाय?"

"झिंगे आहेत मुठीभर. काऊन?"

"वास चांगला येऊन राहिला."

मालकाच्या घरी मासोळी शिजत नाही. मी समोर पाहून मोटार हाकत राहलो. असं काही आयकलं का डायवरनं रस्त्याकडं पाहाचं राहते.

दारात मालकीनबाई उभी होती, हातात भाकरीचा तुकडा अन् पान्याचा गडवा. बाजूले मालक. मोटार थांबली. आतून पह्यले टोपल्या निंगाल्या. मंग रुखमा. मंग बाकीच्या. मंग काडी, पाटा घेऊन.

मालक म्हनले, "फागू, हे का आहे?"

"वजन आहे जी."

"माह्या मोटारीत?"

"हाव. नाहीतर उडते."

इंदूबाई रुखमाचा हात धरून उतरली. "बाबा, ह्या भेटल्या नसत्या तं मी अठीपर्यंत आली नसती."

मालकीनबाई पुढं आली. भाकरीचा तुकडा लेकीवरून ओवाळला. टाकाले हात उचलला, अन् थांबली. मंग रुखमावरून ओवाळला, साऱ्या बायायवरून ओवाळला, माह्यावरूनही ओवाळला, काडीच्या पाट्यावरूनही. मंग दूर फेकला. गडव्यातलं पानी साऱ्यायच्या पायावर पुरलं नाही, म्हनून आतून दुसरं आनलं.

मालक नाक उडवून म्हनले, "मोटारीले मासोळीचा वास येऊन राहिला."

बाई म्हनली, "येऊ द्या."

लगन होऊन एवढी वर्सं झाली, पन बाईनं मालकाले चारचौघात उत्तर देल्लं ते त्या दिवशी पह्यल्यानं आयकलं, असं कारभारी नंतर सांगे. तो तवा रेल्वेत होता, तरी सांगे.

उस्ताद पुढच्या महिन्यात आला तवा मी त्याले कमानीचं विचारलं. त्यानं खाली वाकून पाहलं. "ये तो बोझ वाली गाड़ी के पट्टे हैं. माल के लिए. ऊपर कुर्सियाँ लगा दीं." मंग मले समजावून सांगतलं, अन् मी तुमाले सांगतो. जाड कमान ओझ्यासाठी राहते. ओझं असलं का वाकते, मंग धक्का खाते. ओझं नसलं का वाकत नाही, धक्का जशाचा तसा वर धाडते. पातळ कमान एकट्या मानसाले सुखाची, पन दहा लोक बसवले का मोडते. घरची मोटार घेताना पह्यले हेच पाहाचं. मी शेवटी पाहलं.

मी म्हनलो, "उस्ताद, तुमी तवाच काऊन नाही सांगतलं?"

"तूने चावल लाद दिया. मैं समझा चावल ही ढोना है."

मालक बाजूले उभे होते. म्हनले, "म्हनजे फागू, तू मले खासरच घेऊन देल्लं."

"हाव जी. कंपनीचं."

मले खासरावर बसवाची धमकी त्यायनं पुन्हा देल्ली नाही. मी त्याच्यावरच बसलो होतो.

तरी नंतर दुसऱ्या गावचे दोन मालगुजार मले मोटार पारखाले घेऊन गेले. लोकायले वाटते, चुकला म्हनजे शिकला असन. मी त्यायले सांगो, ज्याच्यासाठी मोटार घेऊन राहिले त्याले एकटं बसवून वाईट रस्त्यानं फिरवा. कोनी आयके नाही. सारे विचारत, खाते किती?

नववा भरला अन् इंदूबाईले टुरी झाली. रडनं असं का मालक म्हनले, फागूवर गेली. दोघीही धड होत्या. गोंदियाची सासू बारशाले आली, रेल्वेनं टेसनापर्यंत, अन् पुढं मोटारीत. टेसनावर मी तिच्यासाठी साऱ्या मोटारीत पाहुने भरून ठेवले होते.

बारशाच्या सकाळी मालकीनबाईनं मले बलावलं. "फागू, मोटार घेऊन ढिवरटोलीत जा. रुखमाले अन् त्या साऱ्या जनींले मानानं घेऊन ये. पायी नोको येऊ देऊ."

मी मोटार धुतली. भोंग्याले झेंडूची माळ बांधली. अन् निंगालो, एकटा. रिकामी मोटार, म्हनून हळू. तरी माही पानाची डबी खिशातून उडाली, ते शोधाले उतरलो. ढिवरटोली तलावाच्या पल्याड आहे. बाया पाळीवरून सरळ जातेत, मोटारीले तलावाले वळसा घालून जा लागते. मधात एक म्हैस बसली होती, भोंगा वाजवला तं तिनं माळ खाल्ली.

टोलीत पोचलो तं एक डोकरा जाळं शिवून राहिला होता.

"बाया कोठी गेल्या गा?"

"गेल्या कवाच्या, पाळीवरून. तुहा भोंगा आयकला अन् म्हनल्या, फागू निंगाला, आपन चाला, नाहीतर उशीर होईल."

मी वळसा घालून वापस आलो. पाळना म्हनून झाला होता, नाव ठेवून झालं होतं. ओसरीवर रुखमा पाय पसरून बसली होती अन् टुरी तिच्या मांडीवर निजली होती. एका बाजूले गोंदियाची सासू, दुसऱ्या बाजूले काडी, अन् दोघीही टुरीकडं पाहून राहिल्या होत्या.

मी रुखमाले हळूच म्हनलो, "मी तुमाले घ्याले गेलो होतो वो."

"हळू बोल. आत्ताच निजली."

आतून मालकीनबाईचा आवाज आला, "फागू, आनलं का साऱ्यायले मोटारीनं?"

मी तोंड उघडलं. पन माह्या आधी रुखमाच बोलली, मांडी न हालवता.

"आनलं न बाई. अशी हळू आनली फागूनं, आमाले बसलो म्हनून कळलंही नाही."